ध्रुवाकडचा बर्फ हटला की समुद्र वायू शोषतो की सोडतो?

अमळनेरच्या_मॅडम

नमस्कार मंडळी. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला द्रावणांच्या धड्यात हेन्रीचा नियम चालू होता. पाणी थंड असलं की त्यात वायू जास्त विरघळतो, तापलं की निघून जातो, एवढं सांगून मी पुढे निघाले होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग आर्क्टिकचा बर्फ वितळून समुद्र उघडा पडला तर तो हवेतला वायू आत घेणार की आतला बाहेर सोडणार?"

"उद्या सांगते" म्हटलं आणि घरी येऊन वाचायला बसले. वाचल्यावर गोंधळ वाढलाच. एका पुरवणीत आहे की सायबेरियाजवळ समुद्रतळातून मिथेन उसळतोय आणि कधीही त्याचा भडका उडेल. एका व्हिडिओत सांगतात की थंड समुद्रातली शेवाळं गंधकाचा एक वायू सोडतात, त्यामुळे ढग वाढतात आणि पृथ्वी आपोआप गार होईल. तिसरीकडे म्हणतात, ध्रुवाकडचे समुद्र कार्बन डायऑक्साइड शोषतात, म्हणजे बर्फ गेला तर फायदाच. हे तिन्ही एका वेळी खरं कसं असेल?

विज्ञान प्रदर्शनासाठी ती मुलगी आणि तिची मैत्रीण हाच विषय घेऊन बसल्यात. इथे सावलीत उभं राहिलं तरी चटके बसतात, आणि आमच्या मुली आर्क्टिकचं पोस्टर करणार! परीक्षक पहिलंच विचारतील, "याचा खान्देशाशी संबंध काय?" त्याचंही उत्तर हवंय. "गुगल करा" सांगू नका, ते करून झालंय. कुणी प्रत्यक्ष अशी मोजमापं केली असतील तर फार बरं होईल. वर्गात दाखवता येईल असा एखादा प्रयोगही सुचवा. आमच्या प्रयोगशाळेत ब्युरेट, पिपेट आणि नेहमीचे दर्शक सोडले तर फार काही नाही.

गिरणा_एक्सप्रेस

सोपं आहे मॅडम. बर्फ म्हणजे झाकण. झाकण गेलं, पाणी तापलं, वायू वर आला. सायबेरियाच्या समुद्राखाली अफाट मिथेन आहे आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. पोस्टरवर मोठ्या अक्षरांत "मिथेन बॉम्ब" लिहा, पहिला नंबर पक्का.

तापीकाठचा_खलाशी

मॅडम, बॉम्ब लिहू नका. नंबर येईलही, पण पोरी चुकीचं शिकतील.

मी मूळचा भुसावळचा. गोव्यात समुद्राच्या पाण्यातले वायू मोजण्यात नोकरी गेली. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात जहाजावरून आणि आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड खाडीत होडीतून पाणी भरलंय. (भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र तिथेच आहे, २००८ पासून. 'हिमादी' नव्हे. फलक करणारे हटकून चुकवतात, म्हणून सांगितलं.) थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

प्रत्येक वायूचा हिशोब वेगळा असतो. तुम्ही वाचलेल्या तिन्ही गोष्टींत म्हणूनच काही ना काही तथ्य आहे, आणि तिन्ही अर्धवट आहेत.

आधी तुमचा हेन्री. मे महिन्यात जळगावच्या स्टँडवर उन्हात ठेवलेला गोटीसोडा फोडा आणि बर्फातला फोडा, फरक पोरांना सांगावा लागत नाही. आकड्यात सांगायचं तर शून्य अंशाच्या पाण्यात तीस अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच पट कार्बन डायऑक्साइड मावतो. ध्रुवाकडचं खारं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही, म्हणजे तिथे जागा भरपूर. पण किती मावतो आणि किती आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या हवेशी समतोल साधल्यावर पाण्यात जेवढा वायू असायला हवा त्यापेक्षा कमी असेल तर तो आत जातो, जास्त असेल तर बाहेर येतो. दिशा एवढ्यावरच ठरते. वेग ठरवतो वारा, लाटा आणि बर्फाचं झाकण. त्यामुळे "पाण्यात अमुक वायू खूप सापडला" अशी बातमी वाचली की पहिला प्रश्न विचारा, हवेच्या मानानं खूप का? आणि वरच्या थरात का तळाशी?

आता बर्फ. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बाहेर ढकलतं हे तुम्ही शिकवत असालच. तसेच विरघळलेले वायूही बहुतांश बाहेर जातात. उरलेसुरले बर्फातल्या बारीक खाऱ्या नळ्यांत अडकतात. म्हणजे हा बर्फ उन्हाळ्यात वितळतो तेव्हा त्याचं पाणी थंड, गोडसर आणि वायूंनी जवळपास रिकामं असतं. नायट्रस ऑक्साइड हाही पृथ्वी तापवणारा वायू. त्याच्या बाबतीत "बर्फ गेला की वायू बाहेर" याच्या उलटं दिसतं: बर्फ वितळलेल्या भागात तो समतोलापेक्षा कमी भरतो, म्हणजे समुद्र तो हवेतून ओढून घेतो. पण तिथून पुढे अलास्का आणि रशियामधल्या बेरिंग आणि चुक्ची समुद्रांच्या उथळ भागात या. तळाच्या गाळातले जिवाणू नायट्रेटवर काम करून हाच वायू तयार करतात आणि पाणी समतोलाच्या वर जातं. आर्क्टिक तोच, ऋतू तोच, दिशा विरुद्ध.

कार्बन डायऑक्साइडचं पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. माणसानं सोडलेला जो कार्बन डायऑक्साइड जगातले समुद्र घेतात, त्यातला ४० टक्क्यांच्या आसपास एकटा दक्षिण महासागर घेतो. आर्क्टिकबद्दलही आशा होती की बर्फ हटला की तो खूप घेईल. २०१० मध्ये कॅनडा खोऱ्यातली (आर्क्टिक महासागराचाच एक खोल भाग) मोजमापं प्रसिद्ध झाली आणि ती आशा बरीच मावळली. बर्फ वितळल्यावर वर हलक्या गोड पाण्याचा पातळ थर तरंगतो, उन्हानं थोडा तापतो आणि हवेशी झटकन समतोल साधून बसतो. खालच्या खाऱ्या, जड पाण्यात तो मिसळत नाही. वरचा थर भरला की घेणं मंदावतं. तुमच्या प्रयोगासाठी हाच मुद्दा घ्या, खाली लिहितो.

गिरणाभाऊंचा मिथेन. पूर्व सायबेरियाचा उथळ समुद्र सरासरी ५० मीटरच खोल आहे, तिथे तळातून निघालेले बुडबुडे पृष्ठभागाला पोहोचतात आणि पाण्यात मिथेन समतोलापेक्षा जास्त आहे, हे खरं. विमानातून केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ८२ अंश उत्तरेपर्यंत बर्फाच्या भेगांवर मिथेन वाढलेला दिसला, तेही खरं. पण स्वालबार्डच्या पश्चिमेला ४०० मीटर खोलीवरून निघालेला बुडबुडा वर येईपर्यंत त्यातला मिथेन पाण्यात विरघळून जातो आणि मिथेन खाणारे जिवाणू त्याचा फडशा पाडतात. समुद्रतळाच्या मिथेन हायड्रेटमुळे (बर्फासारख्या स्फटिकांत अडकलेला मिथेन) या शतकात उत्सर्जनाचा मार्ग ओळखू येण्याइतका बदलेल ही शक्यता फारच कमी, असं हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं (आयपीसीसी) २०२१ च्या अहवालात म्हटलंय. स्वालबार्डजवळच्याच एका उथळ जागेची गंमत ऐका. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मिथेन गळतो तिथे खालचं थंड, पोषक पाणीही वर येतं, त्यावर वनस्पतीप्लवक (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं) माजतात आणि ते इतका कार्बन डायऑक्साइड ओढतात की मिथेनची उष्णता त्यापुढे किरकोळ ठरते. सगळीकडे असं होत नाही. पण तळातून गळणं आणि हवेत पोहोचणं यात केवढं अंतर आहे ते यावरून कळावं. २८ पट बरोबर आहे भाऊ, शंभर वर्षांच्या हिशोबानं आणि किलोला किलो. आधी हवेत किती किलो आला ते मोजा.

राहिला गंधकवाला. त्याचं नाव डायमिथाइल सल्फाइड, आम्ही डीएमएस म्हणतो. माझी उमेदीची सगळी वर्षं यातच गेली, म्हणून हात आखडत नाही.

वनस्पतीप्लवकांच्या पेशीत डीएमएसपी नावाचं संयुग असतं. खारेपणा आणि थंडी सोसायला पेशीला ते उपयोगी पडतं. बर्फातल्या खाऱ्या नळ्यांत राहणाऱ्या शैवालांना दोन्हींचा मारा, म्हणून त्यांच्यात ते ठासून भरलेलं. बर्फ वितळला की पेशीला अचानक गोड पाणी लागतं, डीएमएसपी बाहेर पडतं आणि जिवाणू व शैवालांची विकरं त्याचं डीएमएस करतात. म्हणून बर्फाच्या मागे सरकणाऱ्या कडेवर हे सगळ्यात जास्त सापडतं. एरवी समुद्रात लिटरला दोन-चार नॅनोमोल. अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्रात फीओसिस्टिस नावाचं शैवाल फुलतं तेव्हा शंभराच्या वर. हे शैवाल बुळबुळीत गोळ्यांच्या वसाहती करतं, आमच्या गाळण्या त्यानं तुंबायच्या. वास कोबी जास्त उकडल्यासारखा. नव्या पोराला वाटायचं खानसाम्यानं भाजी बिघडवली.

मोजायचं कसं? काचेच्या बाटलीत नळी तळापर्यंत घालायची, पाणी खळखळू द्यायचं नाही, दोन-तीन बाटल्यांएवढं पाणी वरून वाहून जाऊ द्यायचं आणि बूच लावताना मुगाएवढाही बुडबुडा राहता कामा नये. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडच्या बाटलीत मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब टाकले की जिवाणू मरतात, नमुना किनाऱ्यापर्यंत टिकतो. डीएमएसचं तसं नाही. तो जहाजावरच, काही तासांत मोजावा लागतो. पाण्यातून शुद्ध नायट्रोजन किंवा हीलियम फुंकायचा, सुटलेला वायू द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या नळीत गोठवायचा, मग तीच नळी उकळत्या पाण्यात धरायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये सोडायचं. जहाज डोलतंय, एका हाताला उकळतं पाणी, दुसऱ्या हाताला उणे १९६ अंश. पगारवाढ मागायला यापेक्षा चांगलं कारण मला तरी सापडलं नाही. हल्ली बंद भांड्यात समुद्राचं पाणी सतत फवारून वरची हवा थेट लेझरनं मोजतात, काम पुष्कळ सोपं झालंय.

डीएमएस हवेत गेला की साधारण दिवसाभरात त्याचं सल्फ्युरिक आम्ल आणि इतर संयुगं होतात. त्यांचे सूक्ष्म कण बनतात, कणांवर ढगाचे थेंब धरतात. दक्षिण महासागराची हवा स्वच्छ, धूळधूर कमी, म्हणून तिथे अशा कणांना किंमत आहे. व्हिडिओवाल्यानं इथपर्यंत बरोबर सांगितलंय.

शिरपूरना_पोऱ्या

राम राम भाऊ. माले पुरं समजनं नही, पन वाचाले मजा उनी. पुढचं मराठीत लिहितो, नाहीतर मॅडम मार्क कापतील.

माझी केळी आणि कपाशी आहे. कृषी सहाय्यक सांगत होते की युरियातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तुम्ही सांगता तोच का हा? का नाव एक आणि माल वेगळा? आणि ड्रिपमधून युरिया दिला तर कमी निघतो का? आमच्याकडे अजून बरेच जण फोकून देतात आणि वरून दांडाचं पाणी सोडतात.

प्रश्नचिन्ह_धुळे

खलाशीकाका, तुम्ही व्हिडिओवाल्याला अर्ध्यावर सोडलंत. तुमच्याच म्हणण्यानं बर्फ मागे गेला की डीएमएस वाढतो, डीएमएस वाढला की ढग वाढतात, ढग वाढले की ऊन परत जातं. म्हणजे निसर्गानं स्वतःची सोय करून ठेवलीय. मग आपण पोरांना उगाच का घाबरवायचं? १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनीच हे मांडलंय, मी बनवून सांगत नाही.

तापीकाठचा_खलाशी

धुळेकर, १९८७ चा लेख मी तुमच्या आधीपासून वाचतोय. चार जणांनी 'नेचर'मध्ये मांडला. त्यातले एक लव्हलॉक, ज्यांनी १९७१-७२ च्या जहाजफेरीत समुद्रात डीएमएस सगळीकडे सापडतो हे पहिल्यांदा दाखवलं. कल्पना देखणी होती आणि तिच्यामुळेच माझ्यासारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. पण २०११ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये एका आढाव्यानं तिचे सांधे एकेक करून तपासले. ढगांचे कण लाटांच्या मिठापासून आणि सेंद्रिय पदार्थांपासूनही बनतात, आणि साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीला वाटलं होतं तेवढं ओढत नाही, असा त्याचा निष्कर्ष.

मतं सोडा, आकडे बघा. ७० अंश उत्तरेच्या वर उन्हाळ्यातलं डीएमएसचं उत्सर्जन १९९८ ते २०१६ या काळात दर दशकाला साधारण एक तृतीयांशानं वाढलं, असा उपग्रहांवरून काढलेला अंदाज आहे. बर्फ हटला, झाकण गेलं, वायू वाढला. इथे गिरणाभाऊंचं झाकण बरोबर लागू पडतं. आता हे बघा: १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलाय. सोय केली होती ना निसर्गानं? डीएमएस वाढत होता आणि तापणंही चालूच होतं. डीएमएसचं आयुष्य दिवसाभराचं. कार्बन डायऑक्साइडचा बराच भाग शतकं राहतो. दोघांची कुस्ती लावायचीच असेल तर निकाल आधीच कळलेला आहे.

शिवाय समुद्र आम्लधर्मी होत गेला तर डीएमएस वाढेलच असंही नाही. २०१० मध्ये काँग्सफ्योर्डच्या पाण्यात प्रचंड मोठ्या पिशव्या सोडून त्यांत कार्बन डायऑक्साइड वेगवेगळ्या प्रमाणात वाढवला होता. जास्त कार्बन डायऑक्साइडच्या पिशव्यांत डीएमएसपी वाढलं, पण डीएमएस घटला. मध्ये जिवाणू बसलेले असतात, ते तुमचं-माझं ऐकत नाहीत. आणि २०२४ मध्ये मिथेनथायॉल या डीएमएसच्या भावाचाही दक्षिण महासागरासाठी हिशोब लागला. आतापर्यंत तो खात्यात धरलाच जात नव्हता, कारण मोजायला अवघड. जगभरचा समुद्र डीएमएसच्या रूपानं वर्षाला किती गंधक सोडतो याचा सुधारित नकाशा पुण्याच्या आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) शास्त्रज्ञांनी पुढाकार घेऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध केला: सुमारे २ कोटी ७० लाख टन. मॅडम, पोस्टरवर हा आकडा टाका. परीक्षकांना पुण्याचं नाव दिसलं की बरं वाटतं.

शिरपूरवाले भाऊ, माल एकच. रेणू तोच, आणि बनवणारे जिवाणूही त्याच जातकुळीचे. अमोनियाचं नायट्रेट करताना थोडा सुटतो, आणि ओल जास्त, हवा कमी अशा जागी नायट्रेट मोडताना जास्त सुटतो. चुक्ची समुद्राच्या गाळात जे चालतं तेच दांडाच्या पाण्यानं चिंब झालेल्या तुमच्या वाफ्यात. युरिया फोकून वर पाणी तुंबवणं म्हणजे त्या जिवाणूंना पंगत. ड्रिपमधून थोडा थोडा दिला तर पीक तो लगेच उचलतं, मुळांपाशी पडून राहणारा नत्र कमी, म्हणून वायूही कमी निघतो आणि पैसाही वाचतो. जगात माणसामुळे जो नायट्रस ऑक्साइड निघतो त्यात सगळ्यात मोठा वाटा शेतीचा. सगळे समुद्र मिळून एकूण उत्सर्जनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास.

मॅडम, परीक्षकांना उत्तर इथेच आहे. डीएमएस दिवसाभरात संपतो, म्हणून तो जिथे सुटला तिथलाच. नायट्रस ऑक्साइड हवेत शंभरावर वर्षं टिकतो आणि जगभर मिसळतो. म्हणजे शिरपूरच्या बागेतून निघालेला वायू स्वालबार्डवरच्या हवेतही असतो. औद्योगिक युगाआधी हवेत तो अब्जात २७० भाग होता, आता ३३५ च्या वर गेलाय. आणि हवेतला आकडा वाढला की समुद्राचा समतोलही वर सरकतो. बर्फ वितळलेलं रिकामं पाणी तिथे जो नायट्रस ऑक्साइड ओढतं, त्यात तुमच्या आमच्या युरियाचाही अंश आहे.

आता प्रयोग. काचेची दोन उंच भांडी घ्या. एकात तळाला मिठाचं दाट पाणी, वर गोडं पाणी. गोडं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू सोडायचं, थर मोडता कामा नये. दुसऱ्या भांड्यात सगळं पाणी सारखंच, तेवढंच. दोन्हींत, आणि पहिल्याच्या दोन्ही थरांत, ब्रोमोथायमॉल ब्लू टाका, रंग निळा दिसला पाहिजे. मग वेगळ्या बाटलीत खायचा सोडा आणि व्हिनेगर घालून निघणारा वायू नळीनं दोन्ही भांड्यांत पाण्याच्या वर सोडा, पाण्यात बुडवू नका. वर पुठ्ठा झाका. पहिल्या भांड्यात वरचा थर पिवळा होईल आणि खालचा बराच वेळ निळा राहील. दुसऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी किंचित जड होऊन पिवळ्या धाग्यांनी खाली उतरताना दिसेल. कॅनडा खोऱ्यात समुद्राचं घेणं का मंदावलं, ते भांडं स्वतःच सांगतं. बोअरचं पाणी कठीण असतं, त्यात रंग बदलायला जास्त वेळ लागतो. आरओ यंत्राचं पाणी असेल तर ते वापरा.

गिरणा_एक्सप्रेस

बॉम्ब मागे घेतो. झाकण मात्र माझंच आहे, श्रेयनामावलीत टाका.

अमळनेरच्या_मॅडम

खलाशीदादा, खूप आभार. मुलींना वाचून दाखवलं. त्यांनी पोस्टरचे चार भाग केलेत, एका वायूला एक, आणि प्रत्येकात दोन बाण: आत आणि बाहेर. नायट्रस ऑक्साइडच्या भागात शिरपूरच्या बागेचं चित्र येणार आहे (भाऊ, केळीचा घड हिरवा काढायचा की पिकलेला, यावर सध्या वाद चालू आहे). एक शंका: दोन्ही थर निळेच असतील तर वायू सोडण्याआधी थर खरंच बनलाय हे बघणाऱ्याला कसं कळणार? आणि मीठ घरातलं आयोडीनचं चालेल का?

शिरपूरना_पोऱ्या

हिरवाच काढा. पिकलेला घड बागेत कोणी ठेवत नाही.

तापीकाठचा_खलाशी

मीठ कुठलंही चालेल. जाडं मीठ घेतलंत तर पाणी गढूळ होतं, फडक्यातून गाळून घ्या. थर दाखवायला कच्च्या बटाट्याचा तुकडा सोडा. गोड्या पाण्यात बुडतो, दाट मिठाच्या पाण्यावर तरंगतो, म्हणून बरोबर मधल्या सीमेवर जाऊन थांबेल. मीठ कमी पडलं तर तळाला जाईल. मग ते पाणी टाकून पुन्हा भरा, वरून मीठ टाकत बसू नका.